‘पार्ट ऑर्डर केलाय सर’: माझ्या बाईकच्या सर्व्हिस सेंटरचा रिव्ह्यू

शोरूमचं नाव टाकत नाहीये, कंपनीचं पण नाही. कारण माझ्या मेव्हण्याची गाडी वेगळ्या कंपनीची आहे आणि त्याने जे सांगितलं ते नाव बदलून तेच होतं. मी मुंबईत भांडुपला राहतो, कामाला अंधेरीच्या सीप्झमध्ये, रोज जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, म्हणजे पवईचा चढ, खड्डे, डंपर सगळं आलंच. गाडी २०२१ ची, १६० सीसी, बीएस६ (धुराच्या नव्या नियमातली), पाच वर्षांची वॉरंटी. पहिल्या फ्री सर्व्हिसपासून आजपर्यंत सगळ्या सर्व्हिस त्याच शोरूमला केल्यात, एकही चुकवली नाही, पुस्तकावर शिक्के आहेत. हे मुद्दाम लिहितोय कारण ‘बाहेर काम केलं असेल’ हे वाक्य तिकडे पहिल्या दोन मिनिटांत येतं.

तर गेल्या वर्षी जुलैमध्ये दोन दिवस सलग पाऊस, एलबीएस रोडवर नेहमीप्रमाणे पाणी, मी आपला त्यातूनच घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी एका सेल्फमध्ये स्टार्ट, आवाज मस्त, पहिला गिअर टाकला की फट्कन बंद. परत न्यूट्रल, परत स्टार्ट, परत गिअर, परत बंद. दहा वेळा केलं, सोसायटीचा वॉचमन पण येऊन बघून गेला. ज्यांना गाड्यांमधलं कळतं त्यांना इथपर्यंत वाचूनच कळलं असेल काय झालंय. मला तेव्हा कळलं नव्हतं आणि शोरूमला तर शेवटपर्यंत कळलं नाही.

मित्राने ॲक्टिवावरून मागून पाय लावून ढकलत गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. ॲपवर साडेनऊचा स्लॉट होता, जॉबकार्ड (गाडीचं काय काम करायचं त्याचा कागद) बनलं सव्वाअकराला. बसायला एसी रूम आहे, कॉफी मशीन आहे (बंद), काचेतून आतलं काम दिसतं, हे खरंच चांगलं आहे. सर्व्हिस ॲडव्हायजर मुलगा बोलायला गोड, प्रत्येक वाक्याला सर. मी प्रॉब्लेम सांगितला, त्याने जॉबकार्डवर लिहिलं ‘गाडी बंद पडते, जनरल चेकअप’. इथे मी चूक केली, वाचून सही करायला पाहिजे होती. गिअर टाकल्यावरच बंद पडते हे लिहिलंच नाही तर आतल्या मेकॅनिकला कसं कळणार, त्याच्या हातात फक्त तो कागद जातो, तुम्ही बाहेर काय घसा फोडून सांगितलं ते नाही जात.

संध्याकाळी फोन आला. पाणी गेलंय, वायरिंग हार्नेस (म्हणजे गाडीतल्या वायरींचा अख्खा जुडगा) बदलावं लागेल, ६,८०० रुपये, पाण्यामुळे वॉरंटीत बसत नाही, शिवाय गाडी उघडलीच आहे तर इंजिन फ्लश आणि टेफ्लॉन कोटिंग करून घ्या सर. मी बोललो मुंबईत पावसात चालवायची नाही तर कुठे चालवायची गाडी, कच्छमध्ये? तो हसला, बोलला ‘कंपनी पॉलिसी आहे सर’. टेफ्लॉनला नाही सांगितलं. हार्नेसला पण थांबा बोललो आणि दुसऱ्या दिवशी गाडी परत ढकलत घरी.

आमच्या गल्लीच्या तोंडावर एक काका आहेत, कणकवलीकडचे, पत्र्याचं गॅरेज, आयुष्यभर कार्ब्युरेटरच्या गाड्या केल्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस६ आल्यावर सगळं इंजेक्शनवर गेलं, स्कॅनर लागतो, म्हणून नव्या गाड्यांना शक्यतो हात लावत नाहीत. पण त्यांनी नुसतं ऐकलं, न्यूट्रलला चालते आणि गिअरला बंद होते, खाली वाकले आणि बोलले, ‘अरे हेचो स्विच गेलो.’ साइड स्टँडचा स्विच! स्टँड खाली असताना गिअर टाकला तर इंजिन बंद व्हावं म्हणून तो असतो, म्हणजे स्टँड विसरून कोणी निघू नये. माझा स्टँड वर होता पण चिखल जाऊन जाऊन स्विच आतून मेला होता, त्यामुळे गाडीला वाटत होतं स्टँड खालीच आहे. काकांनी साफ करून दाखवला, गाडी अर्धा दिवस चालली, मग परत तेच.

मी बोललो काका, दोन वायरी जोडून टाका ना, सगळे करतात. नाही केलं त्यांनी. बोलले एकदा स्टँड खाली राहिला आणि डावीकडे वळलास तर रस्त्याला अडकून आडवा होशील, मागून डंपर असेल तर मग बघायलाच नको, आणि वायर कापलेली दिसली की शोरूमवाले वॉरंटी वॉरंटी करून उरलेलं पण हात झटकतील. नवीन स्विच आण, बसवून देतो, शंभर रुपये दे. मी या रिव्ह्यूमध्ये स्टार देणार असेन तर पाचच्या पाच इकडे.

आता खरी गंमत. स्विच म्हणजे काय, तीन-चारशे रुपयाचा पार्ट, मी परत शोरूमला, थेट पार्ट्स काउंटरला गेलो. काउंटरवाला बोलला लूज सेल नाही, म्हणजे सुटा पार्ट विकत नाही, ॲडव्हायजरला भेटा, त्याच जॉबकार्डवर ऑर्डर टाकतील आणि फिटिंग इथेच करावं लागेल. ॲडव्हायजरला भेटलो, हार्नेस नको स्विच पाहिजे, त्याने मान डोलावली, ५०० रुपये ॲडव्हान्स, पावतीवर हाताने ‘पार्ट ऑर्डर’ एवढंच लिहिलं. आठ दिवसांत येईल.

मग सुरू झाला फोनचा खेळ. आठव्या दिवशी ‘ऑर्डर केलाय सर, ट्रान्झिटमध्ये आहे’. बाराव्या दिवशी ‘वेअरहाऊसमधून निघालाय’. पंधराव्या दिवशी ‘सर बॅक ऑर्डर दाखवतंय’, म्हणजे मालच शिल्लक नाही. वेअरहाऊसमधून निघालेला पार्ट बॅक ऑर्डरमध्ये कसा जातो हे ज्याला कळतं त्याने मला सांगा. तोपर्यंत मी रिक्षाने, सुरुवातीचे २६ आणि पुढे मीटर पळतोच, भांडुप ते सीप्झ एका वेळचे दीडशे-पावणेदोनशे. कधी बस. तीन आठवड्यांत त्या स्विचच्या किमतीच्या किती पट गेले ते मी मोजायचं सोडून दिलं, बायकोने मोजलं.

एक सांगायला पाहिजे, शोरूम आणि कंपनी एक नाही. डीलर हा वेगळा धंदा, त्याने स्वतःचे पैसे घालून पार्ट भरून ठेवायचे असतात. मग तो काय ठेवणार, जे रोज खपतं ते, ऑइल फिल्टर, ब्रेक शू, डिस्क पॅड, चेन किट, क्लच केबल, एअर फिल्टर. साइड स्टँडचा स्विच, लॉक सेट, मीटरचा काटा असलं काही वर्षात दोनदा विकलं जाणार, त्यात कोण पैसे अडकवेल. हे मला समजतं, राग त्याचा नाहीच. राग एवढाच की नाही ठेवत तर नाही ठेवत सांगा ना, मी पहिल्याच दिवशी दुसरीकडे गेलो असतो.

आणि ते ‘लूज सेल नाही’ प्रकरण. कारच्या बाबतीत २०१४ मध्ये कॉम्पिटिशन कमिशनने १४ कंपन्यांना अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला होता, बाहेरच्या गॅरेजला आणि गिऱ्हाइकाला पार्ट मिळू देत नाहीत म्हणून. पुढे ते कोर्टकचेरीत गेलं आणि त्यात बाईकवाले नव्हते, ठीक आहे. पण डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने राईट टू रिपेअरचं पोर्टल काढलं त्यात मोबाईल आणि शेतीच्या अवजारांबरोबर गाड्या पण आहेत. काउंटरवाल्याला मी हे ऐकवलं, तो बोलला सर मी इथे नोकरी करतो. बरोबर आहे त्याचं पण.

बाबा शांतपणे बोलले, माझ्या एलएमएलला कधी असं झालं नाही. त्यांची एलएमएल वेस्पा होती, ती कंपनी २०१८ ला लिक्विडेशनमध्ये गेली, आणि तिचे क्लच प्लेट, केबल, रबर सगळं अजून मिळतं, बाबा ऑपेरा हाऊसच्या बाजूला जाऊन घेऊन यायचे. मेलेल्या कंपनीचा पार्ट तासात मिळतो आणि जिवंत कंपनीचा तीन आठवड्यांत नाही.

शेवटी मी दोन गोष्टी केल्या ज्या पहिल्या दिवशी करायला हव्या होत्या. एक, कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल, त्यात जॉबकार्ड नंबर, चेसिस नंबर, तारखा, पावतीचा फोटो, शिव्या नाही, फक्त तारखा. दुसऱ्या दिवशी शोरूमच्या मॅनेजरचा फोन, आवाजात एवढी साखर की बास. बोलला ऑर्डर सिस्टीममध्ये आहे, कंपनीकडूनच सप्लाय नाही. कंपनीचं पण उत्तर आलं की या जॉबकार्डवर ऑर्डर आहे, सप्लायची वाट बघतोय. म्हटलं चला, निदान खोटं तरी बोलत नाहीत. (कोणाला असं उत्तर पण येत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तक्रार नोंदवून नंबर घ्या, तो नंबर पुढच्या ईमेलमध्ये टाका.)

दुसरी गोष्ट, पार्ट नंबर शोधला. एकदा पार्ट नंबर हातात आला की तुम्ही गिऱ्हाईक राहत नाही, समोरचा तुमच्याशी नीट बोलायला लागतो. ठाण्याच्या एका डीलरला फोन केला, त्याने चेसिस नंबर विचारला, दोन मिनिटं थांबायला लावलं आणि बोलला आहे, पाच पीस आहेत, या. पाच पीस! मुलुंड चेकनाक्याच्या पलीकडे पाच पडलेत आणि अलीकडे कंपनीकडेच नाही. मला तेव्हा हे विचित्र वाटलं पण डोकं नाही लावलं, जाऊन काउंटरवर घेतला, सीलबंद पॅकेट, होलोग्राम, एमआरपी छापलेली, पक्कं बिल. काकांनी वीस मिनिटांत बसवला. गाडी आजपर्यंत त्या कारणाने बंद पडलेली नाही.

एवढं झाल्यावर त्या शोरूमला मी एकदम शून्य देणार नाही, कारण रेग्युलर सर्व्हिसचं काम वाईट नाही. चेन नीट सेट करतात, ब्रेक बरोबर बसवतात, आतमध्ये एक वयस्कर मेकॅनिक आहे त्याने माझा कोनसेट (हँडलचं बेअरिंग) टाइट केला तो अजून टिकलाय, आणि स्कॅनर लावायचा असेल तर आपल्याला तिकडेच जावं लागतं. फक्त बिल वाचा. माझ्या आधीच्या एका बिलात ‘कन्झ्युमेबल’ म्हणून १४० होते, विचारलं काय ते, तर ग्रीस आणि फडकं. काढून टाकलं लगेच, म्हणजे विचारलं की निघतं. ऑइल ड्रममधून ओततात, सीलबंद कॅन समोर फोडायला सांगा, कॅनवर जॅसो एमए२ (बाईकच्या तेलाचा दर्जा) लिहिलेलं बघा, कारण बाईकचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि स्वस्त पडतं म्हणून कारचं तेल टाकलं तर क्लच स्लिप व्हायला लागतो. स्कूटरवाल्यांचं वेगळं, त्यांना जॅसो एमबी चालतं. बदललेला जुना पार्ट परत मागा, तो तुमचाच आहे, नुसतं आधी सांगून ठेवलं तरी अर्धे पार्ट बदलायची गरज आपोआप उरत नाही. टॅक्स पण बघा, माझ्या जुलैच्या बिलात पार्टवर २८ टक्के आहे, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला, लेबरवर आधीपासून १८ च होता, तेव्हा जुन्या छापील किमतीचं पॅकेट हातात आलं तर नवीन भाव विचारा. शनिवारी जाऊ नका. पावसाळ्याच्या आधी मे महिन्यात जा, जूनमध्ये सगळी मुंबई तिकडेच असते.

ते ५०० रुपये मी मागायला दोनदा गेलो, दोन्ही वेळा अकाउंटची मॅडम जेवायला गेली होती. मग कंटाळून सोडून दिलं.

दिवाळीच्या आधी शोरूमचा फोन. मुलगी एकदम खूश आवाजात, ‘अभिनंदन सर, तुमचा पार्ट आलाय!’ मी बोललो ताई, तो स्विच मी जुलैमध्येच ठाण्यावरून आणून बसवला, माझे ५०० तेवढे परत करा. पलीकडे कीबोर्डचा आवाज, थोडा वेळ शांतता.

‘स्विच नाही सर, इथे वायरिंग हार्नेस आहे तुमच्या नावावर. ५०० वजा करून ६,३०० भरायचेत. कधी येताय?’