मोठ्या अक्षरांचं मराठी बायबल: सहा महिन्यांच्या वापरानंतर

चष्म्याचा नंबर वाढला आणि आईचं जुनं बायबल वाचणं जमेना, म्हणून चर्चजवळच्या पुस्तकांच्या दुकानातून हे घेतलं. अक्षर ठळक आहे, पहाटे साध्या दिव्यातही वाचता येतं. कागद मात्र फार पातळ. पेनाची शाई मागच्या पानावर उमटते, तेव्हा खुणा पेन्सिलीनेच करा. खुणेची रेशमी फीत दुसऱ्याच महिन्यात तळाशी उसवली. मी टाका घातला.

माझी पद्धत सोपी आहे. बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकाचे अध्याय 31, म्हणून तारखेप्रमाणे रोज एक. पंधरा तारखेला सकाळीच डब्यावरून सुनेशी माझी बाचाबाची झाली होती. चहा घेऊन बसले, पंधरावा अध्याय उघडला, तर पहिल्याच ओवीत मऊ उत्तराने राग शमतो असं लिहिलेलं. कप तसाच ठेवून मी स्वयंपाकघरात गेले, "चुकलं गं माझं" म्हणाले. तिने न बोलता माझ्या हातात लाटणं दिलं आणि आम्ही दोघींनी मिळून पोळ्या केल्या.

रात्री बायबलमधल्याच स्तोत्रसंहितेतलं एखादं स्तोत्र. 103वं मला सगळ्यात जवळचं, देवाचे उपकार विसरू नको असं ते स्वतःच्याच जिवाला बजावतं. ते वाचून मी मागच्या कोऱ्या पानावर दिवसाचा एक उपकार लिहिते. कालचा: गुडघा न दुखता दोन जिने चढले.

वजन बरंच आहे. उपासनेला नेताना खांद्याला रग लागते, तरी नेते.