स्टॉक व्हिडिओ: मोबाइल की मिररलेस, अडोबी की शटरस्टॉक?

स्टॉक व्हिडिओ म्हणजे जाहिरातवाल्यांसारख्या खरेदीदारांना वापरायला अडोबी स्टॉक, शटरस्टॉक अशा वेबसाइटवरून विकल्या जाणाऱ्या छोट्या क्लिपा. घरी शूट करून त्या विकायचं ठरवलं की पहिली अडचण खर्चाची येते. हातातल्या मोबाइलवर भागेल की मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा घ्यावाच लागेल? ४के चित्रण करणारा बरा मोबाइल असेल तर सुरुवात त्यावरच करा, असं माझं ठाम मत आहे. आधी फक्त एक दणकट ट्रायपॉड घ्या.

दिवसाउजेडी दोघांतला फरक खरेदीदाराला क्वचितच जाणवतो. खिडकीपाशी बसून उकडीच्या मोदकाच्या पारीला कळ्या पाडणारी बोटं जवळून टिपली तर मोबाइलवरही सुरेख दिसतात. मोदकपात्राचं झाकण उचलतानाचा शॉट घ्यायचा असेल तर उजेड मागून किंवा तिरका येऊ द्या आणि मागे काहीतरी गडद ठेवा. समोरून उजेड पडला तर वाफ जेमतेम दिसते, मग कॅमेरा लाखाचा का असेना.

मोबाइल उणा पडतो तो संध्याकाळी. त्याचा उजेड टिपणारा सेन्सर लहान, त्यामुळे कमी उजेडात चित्रात दाणे येतात आणि अशी क्लिप वेबसाइटच्या तपासणीत नाकारली जाते. मिररलेस इथे सरस. मागची फडताळं धूसर करून नजर बोटांवर खिळवणंही तिच्या लेन्सला सहज जमतं. दिव्यांखाली आणखी एक भानगड असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर स्पीड, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर उजेड पडू देण्याचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावा लागतो, नाहीतर चित्रात पट्टे सरकताना दिसतात. मोबाइलच्या मूळ कॅमेरा अ‍ॅपमध्ये ही सोय बहुधा नसते. ब्लॅकमॅजिक कॅमेरा या फुकट अ‍ॅपमध्ये ती आहे, तुमच्या फोनवर ते चालतं का तेवढं बघून घ्या. रात्रीचं स्वयंपाकघर, निरांजनं, आकाशकंदील हेच तुमचे विषय असतील तर मात्र कॅमेऱ्याला पर्याय नाही.

मोबाइल असो की कॅमेरा, शेगडीवरचं, कुकरवरचं कंपनीचं नाव तपासणीत सारखंच नडतं. ते चौकटीबाहेर ठेवा. चेहरा ओळखू येत असेल तर त्या व्यक्तीचं सहीचं संमतीपत्र लागतं, मग ती घरची आई का असेना. शेजारच्या खोलीत टीव्हीवर गाणं चालू असेल तर क्लिपमधला आवाज काढूनच टाका.

विकायला मी अडोबी स्टॉकला पहिली पसंती देईन. तिथे व्हिडिओच्या विक्रीतला सरळ ३५ टक्के वाटा मिळतो. शटरस्टॉकवर १५ टक्क्यांपासून सुरुवात होते. विक्री वाढेल तसा वाटा ४० पर्यंत चढतो, पण दर १ जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर येतात. वर्षाला मोजक्या क्लिपा विकणारा खालीच राहतो. तरी तीच क्लिप दोन्हीकडे देता येते, तेव्हा दोन्हीकडे द्याच. पॉन्ड५ या आणखी एका वेबसाइटवर किंमत आपण ठरवतो. तेही २०२२ पासून शटरस्टॉकच्याच मालकीचं आहे.

क्लिपसोबतचे शोधशब्द इंग्रजीत द्या. अडोबीवर त्यांचा क्रमही मोजला जातो, म्हणून पहिल्या दहांत ‘मोदक’, ‘हात’, ‘वाफ’ या अर्थाचे नेमके शब्द घाला, ‘सुंदर’सारखी विशेषणं मागे ढकला. जाहिरातवाले सणाच्या कितीतरी आधी कामाला लागतात, तेव्हा गणपतीच्या क्लिपा आषाढातच चढवा.