फुफ्फुसाच्या कर्करोगात घरबसल्या व्यायाम : वैयक्तिक कॉल, समूहवर्ग, व्हिडिओ की ॲप?

फुफ्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना रुग्णाच्या हाती जो कागद दिला जातो, त्यावर औषधांच्या यादीखाली बहुधा एक ओळ असते : ‘श्वसनाचे व्यायाम व चालणे सुरू ठेवावे.’ रुग्ण जतचा असो, आटपाडीचा असो की सांगलीतल्याच विश्रामबागेतला, ही ओळ अमलात कशी आणायची हा प्रश्न घरी आल्यावर दुसऱ्याच सकाळी पडतो. माझ्या वडिलांच्या, म्हणजे तात्यांच्या, बाबतीत तो गेल्या वर्षी पडला. तासगाव तालुक्यातले द्राक्षबागायतदार, वय ६६, मिरजेत शस्त्रक्रिया होऊन उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग काढलेला आणि पुढे केमोचे चार डोस ठरलेले. त्यांना आठवड्यातून तीनदा रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात नेणे आम्हाला जमणारे नव्हते, म्हणून आम्ही ऑनलाइन पर्यायांकडे वळलो आणि पुढच्या आठ महिन्यांत चार प्रकार वापरून पाहिले. ज्यांना आज यातून एक निवडायचा आहे, त्यांच्यासाठी ही तुलना लिहीत आहे.

व्यायामाची गरज काय, हे आधी थोडक्यात सांगायला हवे. कारण भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा ‘आता नुसता आराम करा’ असेच सांगून जातो. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू झिजतात, आणि झिजलेल्या स्नायूंना तेवढ्याच कामासाठी जास्त श्वास लागतो, म्हणून पुढच्या वेळी दम आणखी लवकर लागतो. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी या कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत, रोग बरा करण्याच्या हेतूने उपचार चालू असताना चालण्यासारखे आणि स्नायूंच्या ताकदीचे असे दोन्ही प्रकारचे व्यायाम सुचवावेत असे म्हटले आहे. शिवाय फुफ्फुसाच्या शस्त्रक्रियेपूर्वी व्यायाम केल्यास नंतरची गुंतागुंत आणि रुग्णालयातला मुक्काम कमी होऊ शकतो, हेही नोंदवले आहे. कर्करोगाच्या रुग्णांसाठी २०१९ मध्ये सांगितले गेलेले साधारण प्रमाण म्हणजे आठवड्यातून तीन दिवस ३० मिनिटांचा दम वाढवणारा व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. हे आकडे वाचून घाबरू नये. तात्यांची सुरुवात घराच्या सोप्यात, म्हणजे पडवीत, चार मिनिटे येरझाऱ्या घालण्यापासून झाली होती.

आता पर्यायांकडे वळू. आम्ही प्रथम घेतला तो फिजिओथेरपिस्टशी व्हिडिओ कॉलवर होणारा वैयक्तिक वर्ग. पहिल्या दिवशी मी मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता आणि पडद्यावर तात्यांचे फक्त गुडघे दिसत होते. ‘काका, फोन जरा लांब ठेवायला सांगा, मला पावलापासून डोक्यापर्यंत दिसायला हवं,’ असे बाईंनी सांगितल्यावर आम्ही तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि बिनहाताची लाकडी खुर्ची भिंतीला टेकवली. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायचे आणि बसायचे, अर्ध्या मिनिटात किती वेळा होते ते मोजायचे. सहा वेळा झाले. पण बाईंनी आकड्यापेक्षा दुसरीच गोष्ट टिपली : उठताना तात्या श्वास रोखून धरत होते आणि टाक्यांच्या बाजूला वाकत होते. उठताना ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालावी तसा, हळू श्वास सोडायचा हे त्यांनी तिथल्या तिथे शिकवले आणि दुसऱ्या फेरीत दम खरोखर कमी लागला. घरात आम्ही चौघे तात्यांकडे पाहत होतो, पण ही चूक आमच्यापैकी कोणालाही दिसली नव्हती.

या पर्यायाचे मोल यात आहे आणि मर्यादाही उघड आहेत. दर सत्राचे पैसे मोजावे लागतात, वेळ पाळावी लागते, आणि कॉलवरून छाती तपासता येत नाही. म्हणून पहिली तपासणी प्रत्यक्षच करून घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात सहा मिनिटांत रुग्ण सपाट जागेवर किती अंतर चालतो हे मोजतात आणि सोबत बोटाला ऑक्सिमीटर लावून प्राणवायूचे प्रमाण कुठपर्यंत उतरते ते पाहतात. हा आकडा हाती असला की काही आठवड्यांनी पुन्हा मोजून तुलना करता येते. फुफ्फुसाच्या कर्करोगात साधारण २२ ते ४२ मीटरची वाढ रुग्णाला जाणवण्याइतकी मानली जाते. मिरजेत आणि कराडला वैद्यकीय महाविद्यालये असल्यामुळे सांगली-साताऱ्याच्या माणसाला या एका तपासणीसाठी पुण्या-मुंबईला जाण्याचे कारण नाही. व्हिडिओ कॉलवर शिकवणारी व्यक्ती कोठेही बसलेली असो, तिची फिजिओथेरपीची (भौतिकोपचाराची) पदवी आणि परिषदेकडचा नोंदणी क्रमांक मात्र विचारावा. महाराष्ट्रात अशी राज्य परिषद आहे, त्यामुळे हा प्रश्न विचारण्यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही.

दुसरा पर्याय समूहवर्गाचा. एकाच वेळी वीस-तीस रुग्ण आपापल्या घरून जोडले जातात, समोर एक प्रशिक्षक असतो, आणि फी वैयक्तिक वर्गाच्या मानाने बरीच कमी असते. आम्ही घेतलेला वर्ग सर्व प्रकारच्या कर्करोगांसाठी एकत्र होता. दुसऱ्या केमोनंतरच्या आठवड्यात हात वर करून जागच्या जागी चालण्याचा प्रकार सुरू होता. प्रशिक्षक ‘शाब्बास, अजून दहा’ म्हणत होते, आणि तात्या धाप लागून मधेच खाली बसले. सगळ्यांचे माइक बंद होते. वर्ग तसाच पुढे चालू राहिला आणि संपल्यावर सर्वांना शुभेच्छा देऊन कॉल बंद झाला. तात्या बसले हे तिकडे कोणाच्या लक्षातही आले नव्हते. मी त्यांच्या बाजूला होते म्हणून ऑक्सिमीटर लावला. आकडा ८६ होता, आणि दहा मिनिटे टेकून बसल्यावर तो पूर्वपदावर आला. मी शेतावर किंवा बाजारात गेले असते तर काय झाले असते, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

तरीही समूहवर्ग निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही, कारण त्यातून तात्यांना जे मिळाले ते दुसरीकडे कुठे मिळाले नाही. फुफ्फुसाचा कर्करोग म्हटले की समोरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो विडीचा. तात्यांनी वीस वर्षे विडी ओढली होती आणि ते ओझे ते मनात बाळगून होते. वर्गानंतरच्या गप्पांत कोल्हापूरकडच्या एका आजींनी सांगितले की त्यांनी आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही, जन्म चुलीपुढे गेला, आणि तरी हाच आजार झाला. त्या दिवसापासून तात्या आपल्या आजाराबद्दल घरात मोकळेपणाने बोलू लागले. तेव्हा समूहवर्ग घ्यायचाच तर तीन गोष्टी पाहाव्यात : तो फुफ्फुसाच्या रुग्णांसाठी वेगळा आहे का, एका प्रशिक्षकामागे सात-आठपेक्षा अधिक माणसे तर नाहीत ना, आणि प्रशिक्षकाखेरीज पडद्यावर लक्ष ठेवणारी आणखी एक व्यक्ती असते का.

तिसरा पर्याय आधीच चित्रित केलेल्या व्हिडिओंचा. यात चांगले साहित्य फुकट उपलब्ध आहे. ब्रिटनमधील ‘ॲस्थमा अँड लंग यूके’ या संस्थेने फुफ्फुसाच्या विकारांच्या रुग्णांसाठी आणि ‘मॅकमिलन कॅन्सर सपोर्ट’ने कर्करोगाच्या रुग्णांसाठी व्यायामाचे व्हिडिओ दिले आहेत, न्यूयॉर्कच्या मेमोरिअल स्लोन केटरिंग रुग्णालयाने छातीच्या शस्त्रक्रियेनंतरचे खांद्याचे व श्वसनाचे व्यायाम सांगितले आहेत. व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो, पहाटे पाचला लावता येतो, आणि पाटण किंवा शिराळ्याच्या डोंगरपट्ट्यात जिथे व्हिडिओ कॉल दर दोन मिनिटांनी अडकतो, तिथे रेंज असलेल्या जागी आधी उतरवून घेऊन नंतर घरी दाखवता येतो. अडचण भाषेची आहे. इंग्रजीतल्या सूचना मला एकदा ऐकून वहीत मराठीत लिहून काढाव्या लागल्या. दुसरी अडचण अशी की व्हिडिओ कधीही ‘आज नको’ असे म्हणत नाही.

मोबाइल ॲप आणि पावले मोजणारे घड्याळ यांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पावले मोजणे उत्तेजन देते, नोंद राहते, आणि चालण्यात हळूहळू वाढ करायला ते उपयोगी आहे. मात्र दहा हजार पावलांचे लक्ष्य या आजारात डोक्यातून काढून टाकावे आणि घड्याळातल्या प्राणवायूच्या आकड्यावर विसंबून राहू नये. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर वेगळा ठेवावा, आणि तोही बोट गार असताना किंवा नखाला रंग असताना चुकतो हे लक्षात असू द्यावे.

ऑनलाइन योगवर्गांविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण आपल्याकडे बहुतेक कुटुंबे पहिल्यांदा तिकडेच जातात. संथ श्वसन, सैल पडून राहणे, खुर्चीत बसून करायची सोपी आसने यांनी मन शांत होते आणि झोप सुधारते, हे आम्ही पाहिले. पण सर्वसामान्य वर्गात पहिल्या पंधरा मिनिटांतच कपालभाती आणि भस्त्रिका येतात. ताज्या टाक्यांच्या छातीला पोटाचे ते झटके आणि मग श्वास रोखून धरणे हे दोन्ही शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय करू नये. शिवाय प्राणायाम कितीही नेमाने केला तरी झिजलेल्या मांड्या त्याने भरून येत नाहीत. त्यासाठी चालणे आणि खुर्चीतून उठणे-बसणे लागतेच.

या सगळ्यांत निवड करताना मी आता एकच कसोटी आधी लावते : केमोनंतरच्या तिसऱ्या दिवसासाठी हा वर्ग काय सांगतो? त्या दिवशी तोंडाला चव नसते, पाय उचलत नाहीत, आणि माणूस भिंतीकडे तोंड करून पडून असतो. वैयक्तिक वर्गातल्या बाईंनी आम्हाला तीन रकान्यांचा कागद करून दिला होता, तो आम्ही फ्रिजवर चिकटवला. चांगल्या दिवशी वीस मिनिटे चालणे आणि रबरी पट्टीचे व्यायाम. मधल्या दिवशी पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या. वाईट दिवशी अंथरुणावर बसून घोटे फिरवणे, दहा संथ श्वास आणि जेवणाच्या वेळी खुर्चीपर्यंत चालत येणे, एवढेच. दमाचे माप ० ते १० अशा बोर्ग पट्टीवर धरायचे आणि ३-४ च्या वर जाऊ द्यायचे नाही. पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, ही त्याची घरगुती खूण. वाईट दिवसाचा रकाना होता म्हणून चार डोसांच्या काळात व्यायाम पूर्णपणे बंद असा एकही आठवडा गेला नाही, आणि आठव्या आठवड्यात उठण्या-बसण्याचा आकडा सहावरून अकरावर गेला.

उपचाराचा टप्पा कोणता, यावरही उत्तर बदलते. शस्त्रक्रिया ठरली असून हाती दोन-तीनच आठवडे असतील, तर वेळ घालवू नये, वैयक्तिक वर्गच घ्यावा. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे खांदा मोकळा करणे, खोकताना उशी छातीशी धरणे आणि वजन न उचलणे याला महत्त्व असते. तात्यांनी पाचव्याच आठवड्यात शेडवर जाऊन बेदाण्याची १५ किलोची पेटी उचलली आणि त्यानंतर तीन दिवस बरगडीच्या कळा सोसल्या. (बेदाण्याला गंधकाची धुरी देण्याच्या दिवसांत अशा रुग्णाने शेडकडे फिरकूच नये.) केमो चालू असताना प्रत्येक डोसाआधीचा रक्ताचा अहवाल फिजिओथेरपिस्टला पाठवावा, प्लेटलेट्स ५० हजारांच्या खाली गेल्या की ताकदीचे व्यायाम साधारणपणे थांबवतात, आणि १००.४ अंश ताप असेल तर व्यायाम न करता डॉक्टरांना फोन करायचा असतो. पायांची बोटे बधिर झाली असतील तर उभ्याने करायचे व्यायाम भिंतीजवळच करावेत. रोग हाडांत, विशेषतः मणक्यात, उतरला असेल, तर कर्करोगतज्ज्ञांनी तपासल्याखेरीज वाकणे-वळणे असलेला कोणताही व्हिडिओ लावू नये. इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला रोगाविरुद्ध कामाला लावणारे औषध) किंवा लक्ष्यित गोळ्या (कर्करोगपेशींतल्या ठरावीक बदलावर काम करणाऱ्या) चालू असताना नवा कोरडा खोकला किंवा वाढलेला दम हा अशक्तपणा समजून त्यावर व्यायामाचा उतारा शोधू नये. तो औषधाचा फुफ्फुसावर झालेला परिणाम असू शकतो. एकाच पायाला सूज, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त, किंवा प्राणवायू तज्ज्ञांनी घालून दिलेल्या रेषेखाली, बहुधा ८८ ते ९० च्या आसपास, उतरणे, यांपैकी काहीही झाले तर वर्ग तिथेच थांबवावा. पडद्यापलीकडच्या माणसाला आपला पत्ता माहीत नसतो, म्हणून पहिल्याच दिवशी पत्ता, शेजाऱ्याचा फोन आणि १०८ क्रमांक त्याच्याकडे लिहून द्यावा.

आमच्यासारख्या कुटुंबाला मी असे सुचवीन : एक प्रत्यक्ष तपासणी, त्यानंतर सहा ते आठ आठवडे वैयक्तिक कॉल, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा, कॉल नसलेल्या दिवशी तेच व्यायाम व्हिडिओ लावून, आणि प्रकृती स्थिरावल्यावर लहानसा समूहवर्ग. पैसे अगदीच कमी असतील तर वैयक्तिक सत्रे चारच घ्यावीत, पण ती महिनाभरात विभागून घ्यावीत आणि प्रत्येक सत्रात पुढच्या आठवड्याचे तीन रकाने लिहून मागावेत.

रोग पुढच्या टप्प्यात असेल आणि उपचार केवळ आराम देण्यासाठी चालू असतील, तर हा क्रम लागू होत नाही. तिथे समूहवर्गाचा आग्रह धरू नये. पाच मिनिटांचे दोन कॉल, पलंगावरून मोरीपर्यंत कमीत कमी दमात कसे जायचे याचा सराव, अंघोळीसाठी स्टूल, दम लागला की पुढे वाकून कोपरे मांडीवर टेकवून बसणे आणि चेहऱ्यावर छोट्या हातपंख्याचा वारा घेणे, एवढे नीट शिकवणारी व्यक्ती मिळाली तर तोच वर्ग घ्यावा, आणि त्या दहा मिनिटांत घरातल्या एकाने रुग्णाशेजारी बसून राहावे.