१७१९ ची म्हणून गळ्यात मारलेली रॅफेलची प्रिंट

लंडनमधील जुन्या चित्रांच्या एका विक्रेत्याने मला 'मासळीचा चमत्कार' या ख्रिस्ताच्या प्रसंगाची प्रिंट चारशे पाउंडांना विकली. रॅफेल हा इटालियन चित्रकार; निकोला दोरिन्यी या फ्रेंच कोरीवकाराने ती व्हॅटिकनच्या टॅपेस्ट्रीवरून, म्हणजे विणलेल्या भित्तिपडद्यावरून, कोरली असून प्रत १७१९ ची आहे, असे तो छातीठोकपणे सांगत होता, आणि चित्राखाली दोरिन्यीचे नावही होते. मूळ कोरीव प्रिंटचा फोटो काढून छापले, की त्याखालचे नावही आपसूकच छापून येते, हे उघड आहे.

त्याच्या कथेतच खोट होती. पोप दहावा लिओ याच्यासाठी रॅफेलने १५१५ च्या सुमारास प्रेषितांच्या जीवनावरील पूर्णाकृती रंगीत चित्रे, म्हणजेच कार्टून, तयार केली आणि त्यांवरून ब्रसेल्समध्ये व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपेलसाठी टॅपेस्ट्री विणल्या गेल्या. पुढे इंग्लंडच्या राजघराण्याकडे आलेल्या सात कार्टूनवरून दोरिन्यीने लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात कोरकाम केले. त्यासाठी व्हॅटिकनच्या टॅपेस्ट्रीची त्याला गरजच नव्हती.

चौकटीची मागची फळी काढल्यावर उरलासुरला संशयही फिटला. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली रेघ मध्ये फुगते, टोकाला निमुळती होते आणि तिची शाई कागदावर किंचित उंच उभी राहते. येथे मात्र चित्रातील पाण्याच्या काठावरच्या क्रौंच पक्ष्यांच्या माना दहापट भिंगाखाली धरल्या, तर रेघेऐवजी एकसारख्या अंतरावरचे ठिपके दिसले, जसे वर्तमानपत्रातील फोटोत दिसतात. कागद उजेडासमोर धरला असता जुन्या हातकागदात साच्याच्या तारांच्या जाळीमुळे उमटणाऱ्या समांतर रेषा कुठेच नव्हत्या. तसा बिनरेषांचा गुळगुळीत कागद युरोपात १७५० च्या दशकाआधी नव्हताच, मग १७१९ ची प्रत त्यावर येणार कुठून? छापताना तांब्याच्या पत्र्याच्या कडेने चित्राभोवती उमटतो तो दाब मात्र होता, पण तो नंतर कोरडाच उठवलेला. फसवणाऱ्याने तेवढे कष्ट घेतले होते, हे मान्य करावे लागेल.

पावतीवर 'रॅफेलच्या चित्रावरून, छापील' एवढेच लिहिलेले आहे. दोरिन्यी आणि १७१९ हे सारे तोंडी. म्हणून अशी खरेदी करणाऱ्यांनी चित्र चौकटीबाहेर काढून पाहावे, आणि कोरणाऱ्याचे नाव, छपाईचे वर्ष व पद्धत पावतीवर लिहून मागावी. विक्रेता का-कू करू लागला, तर पैसे देऊ नयेत. माझे पैसे परत मिळालेले नाहीत, आणि त्याच दुकानात आता त्याच सात चित्रांपैकी 'अथेन्समध्ये उपदेश करणारा पॉल' त्याच भावाने विक्रीला लावलेला आहे.