कोपर्निकस जीएलओ-३०: भूरूपांच्या अभ्यासकासाठी कितपत उपयोगी?
युरोपीय संघाच्या कोपर्निकस या पृथ्वी-निरीक्षण कार्यक्रमाचे, विनामूल्य मिळणारे हे सुमारे ३० मीटर विभेदनाचे (म्हणजे साधारण दर ३० मीटरला एक उंची देणारे) जमिनीच्या उंचीचे प्रतिमान २०११ ते २०१५ या काळात टॅनडेम-एक्स या जर्मन रडार मोहिमेने केलेल्या मोजणीवर आधारलेले असून, सन २००० मधील एसआरटीएमच्या (अंतराळयानातून रडारने केलेल्या उंचीच्या मोजणीच्या) तुलनेत सह्याद्रीचे कडे आणि दख्खनचे पायऱ्यापायऱ्यांचे उतार त्यात अधिक रेखीव उतरतात. पाणलोट क्षेत्राच्या सीमा आखण्यासाठी मी हेच निवडेन. मात्र हे प्रतिमान उघड्या जमिनीचे नव्हे, तर पृष्ठभागाचे आहे. त्यामुळे कोयनेच्या दाट जंगलात उंचीत झाडोराही मिसळतो आणि त्यात जलाशयांचा पृष्ठभाग सपाट दाखवलेला असल्याने त्यांच्या तळाविषयी काहीच कळत नाही. सांगलीसारख्या सपाट नदीकाठी पूररेषा ठरवताना प्रत्यक्ष सर्वेक्षणाला पर्याय नाही, हे काही शोधनिबंध सोयीस्करपणे विसरतात.