नील गाऊच्या ‘मूळ ध्वनिमुद्रणा’साठी मोजलेले ९८ पौंड

नोकरीनिमित्त एडिनबरोत आल्यावर, पुण्यात लहानपणी शिकलेले व्हायोलिन मी पुन्हा हाती घेतले आणि येथील पद्धतीने, म्हणजे फिडल म्हणून, ते वाजवण्याचा नाद लागला. आमचे शिक्षक कानानेच शिकवतात. पण घरी रियाजाला बसेपर्यंत निम्मी धून विसरलेली असे. म्हणून पारंपरिक स्कॉटिश धुनांचे नोटेशन आणि जुनी ध्वनिमुद्रणे एकत्र कुठे मिळतील, हे मी शोधू लागलो आणि त्यातच एका विक्रेत्याची जाहिरात समोर आली: पाच हजार धुना, दुर्मीळ छापील संग्रहांची पाने आणि ‘मूळ वादकांची ध्वनिमुद्रणे’, सारे ६८ पौंडांत.

यादीतली पहिलीच नोंद नील गाऊ यांनी दुसऱ्या पत्नीच्या निधनानंतर रचलेल्या शोकधुनेची होती आणि तिच्यापुढे ‘स्वतः गाऊ यांचे वादन’ असे लिहिले होते. डंकेल्डजवळच्या इन्व्हरचे हे थोर वादक १८०७ मध्ये वारले आणि एडिसनचा फोनोग्राफ आला १८७७ मध्ये. हे मला ठाऊक नव्हते असे नाही, पण स्वस्तात घबाड हाती येत असले की साधी वजाबाकीही सुचत नाही. मी पैसे भरले, तेही कार्डाने नव्हे, तर विक्रेत्याने सांगितल्याप्रमाणे थेट त्याच्या बँक खात्यात.

दोन दिवसांनी त्याचा आणखी एक निरोप आला. या धुना चारचौघांत वाजवायच्या असतील तर ‘सादरीकरणाचा परवाना’ घ्यावा लागेल, नाहीतर वारसदार दावा ठोकतील, आणि त्याचे ३० पौंड वेगळे. परक्या देशात कायद्याची भानगड नको, या भीतीपोटी मी तेही दिले. वस्तुतः ब्रिटनमध्ये संगीतरचनेवरचा कॉपीराइट रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षांनी संपतो, त्यामुळे गाऊ किंवा १८३३ मध्ये वारलेले विल्यम मार्शलच काय, १९२७ मध्ये वारलेले जेम्स स्कॉट स्किनर यांच्याही रचनांवर आता कोणाचा हक्क उरलेला नाही. एखाद्याने नव्याने केलेली मांडणी किंवा अलीकडचे ध्वनिमुद्रण यांची गोष्ट वेगळी. मला मात्र मूळ धुनांचाच परवाना विकला गेला, जो देण्याचा अधिकार कोणालाच नाही.

फाइली उघडल्या तेव्हा कळले की ‘मूळ ध्वनिमुद्रणे’ संगणकाने नोटेशनवरून तयार केलेली होती. स्ट्रॅथस्पे या नृत्यधुनेत आखूड स्वर आघाताने घेऊन लगेच लांब स्वरावर उतरतात; त्याला ‘स्कॉच स्नॅप’ म्हणतात आणि धुनेचा सारा जीव त्या झटक्यात असतो. येथे सगळे स्वर शिवणयंत्राच्या टाक्यांसारखे पडत होते. गाऊंच्या शोकधुनेत तर गज फिरल्याचा आवाज एकदाही आला नाही.

पाने मात्र खरी होती आणि तेच अधिक बोचले. एका पानाच्या उजव्या कोपऱ्यात चहाच्या रंगाचा डाग होता, तिसऱ्या ओळीवर कोणीतरी पेन्सिलीने बोटांचे आकडे लिहिले होते आणि खालची कड वाकडी कापलेली होती. पुढे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर ग्लेन संग्रह चाळताना तोच डाग आणि तेच आकडे दिसले. कापलेल्या कडेच्या जागी ग्रंथालयाचा शिक्का होता. हा संग्रह ग्रंथालयाने सर्वांसाठी मोफत खुला ठेवला आहे, आणि ते ग्रंथालय माझ्या कचेरीपासून दहा मिनिटांच्या अंतरावर आहे.

खरे वादनही असेच मोफत ऐकता येते. ‘टोबर अन डुअलखिश’ या संकेतस्थळावर १९५१ मध्ये स्थापन झालेल्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजची, बीबीसीची आणि कॅना बेटावरच्या संग्रहातली ध्वनिमुद्रणे आहेत, आणि ती कोणाची, कुठली, केव्हाची हे तेथे नोंदवलेले असते. नेमकी हीच माहिती मी विक्रेत्याकडे पैसे देण्यापूर्वी मागायला हवी होती. स्किनर यांचे स्वतःचे वादनही ऐकायला मिळते, कारण ते ध्वनिमुद्रणाच्या काळापर्यंत जगले.

बँकेने सांगितले की माल मिळालेला असल्याने हा ग्राहक आणि विक्रेता यांच्यातला वाद ठरतो. स्कॉटलंडमध्ये अशी तक्रार पोलीस स्कॉटलंडकडे १०१ क्रमांकावर करता येते, तशी ती मी केली. पैसे अद्याप परत आलेले नाहीत. मागच्या आठवड्यात तीच यादी नव्या नावाने, ४५ पौंडांना, पुन्हा दिसली. पहिल्या ओळीत अजूनही नील गाऊ स्वतः वाजवत आहेत.