अखाजी ते भरिताचा हंगाम : ऑनलाइन दुकानासाठी घेतलेल्या व्हीपीएसचा अनुभव

आधी निकाल सांगतो. दुकान चालतं असेल आणि सणाला एकदम गर्दी उसळत असेल, तर शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) सोडा आणि मुंबईत सर्व्हर असलेला मॅनेज्ड व्हीपीएस घ्या, म्हणजे सर्व्हरचा आपल्यापुरता राखलेला भाग, ज्याची देखभाल कंपनीच करते. मी घेतलाय आणि पैसे वसूल आहेत. फक्त मेंटेनन्सच्या वेळेवरून कंपनीशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. कंपन्यांची नावं लिहीत नाही, कारण हे मुद्दे कुठेही होस्टिंग घेतलं तरी लागू पडतात.

दुकान वूकॉमर्सवर, म्हणजे वर्डप्रेसवर ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या प्लगइनवर आहे. अमळनेरला वहिनी आणि गल्लीतल्या बाया बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ, काळा मसाला करतात; वेबसाइट आणि कुरिअर मी जळगावहून बघतो. गिऱ्हाईक म्हणजे पुणे, नाशिक, कल्याण, सुरतेकडे गेलेली आपलीच माणसं. एरवी ऑर्डरी तुरळक, पण अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर लिंक फिरली की एकाच तासात झुंबड उडते.

मागच्या अखाजीला त्या झुंबडीतच साइटवर ५०८ एरर आला : रिसोर्स लिमिट संपली. बँडविड्थ अनलिमिटेड, डिस्क अर्धीसुद्धा भरलेली नाही, मग संपलं काय? सीपॅनल या होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलमधलं रिसोर्स युसेजचं पान उघडल्यावर कळलं. एंट्री प्रोसेस नावाची एक मर्यादा असते, म्हणजे एका क्षणी तुमच्या साइटसाठी सर्व्हर किती कामं हातात घेईल तो आकडा. क्लाउडलिनक्स या सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या शेअर्ड प्लॅनमध्ये तो बऱ्याचदा २० असतो. जाहिरातीच्या पानावर तो कुठेच नव्हता.

२० म्हणजे २० गिऱ्हाइकं नव्हेत, हे नीट समजून घ्या. एक पान तयार व्हायला अर्धा सेकंद लागत असेल तर सेकंदाला ४० पानं निघतात. तेच चार सेकंद लागले तर फक्त पाच. पीठ-मसाल्याची पानं कॅशमधून, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या प्रतीतून जातात, त्यांचा भार जवळजवळ शून्य. पण कार्ट आणि चेकआउट कॅश करता येत नाहीत, प्रत्येकाची टोपली वेगळी. म्हणजे नुसते बघे आले तर साइट तरते आणि घेणारे आले की बसते. दुकानाच्या दृष्टीने याहून वाईट काही नाही.

खरा मनस्ताप पुढे होता. धरणगावकडची एक ताई सुरतहून फोनवर म्हणाली, "पैसा कटी ग्यात भाऊ, पन ऑर्डर दिखी नही राहिनी." यूपीआयने पैसे गेले की पेमेंट गेटवे आपल्या साइटला निरोप पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात. सर्व्हर ५०८ देत असेल तर तो निरोप आत पोचत नाही आणि ऑर्डर पेंडिंगच राहते. गेटवे निरोप पुन्हा पाठवतो, पण वूकॉमर्समध्ये स्टॉक धरून ठेवायची मुदत मुळात ६० मिनिटांची असते. त्यानंतर पैसे न आलेली ऑर्डर आपोआप रद्द होते. माणसाचे पैसे गेलेले, आपल्याकडे ऑर्डर रद्द, आणि सण दारात. ज्या बायांनी उन्हात बिबडे वाळवले त्यांच्या मालाचं नाव अशा कारणाने खराब व्हावं, याचा मला आजही संताप येतो.

सपोर्टचं उत्तर एकच : वरचा प्लॅन घ्या. वरच्या प्लॅनमध्ये डिस्क जास्त होती, एंट्री प्रोसेस तेवढ्याच. त्यात पहिल्या वर्षी १४९ रुपये महिना असलेला प्लॅन रिन्यूअलला ४४९ झालेला, वर १८ टक्के जीएसटी. तेव्हाच ठरवलं.

नवा व्हीपीएस दोन कोअर, ४ जीबी रॅमचा, महिन्याला २,३०० रुपये अधिक जीएसटी. आकडा ऐकून वहिनी गप्पच झाल्या. पण बिलावर आपला जीएसटी नंबर येतो आणि कराचं क्रेडिट मिळतं, हे धरून हिशेब करा. अनमॅनेज्ड (देखभाल आपणच करायची) निम्म्यात मिळत होता. मात्र रात्री डेटाबेस बंद पडला तर उठून बघणारं आमच्याकडे कोणी नाही. ईमेल यात येत नाही, ऑर्डरचे मेल स्पॅममध्ये जायला लागले. वेगळी एसएमटीपी (मेल पाठवायची) सेवा घेऊन एसपीएफ आणि डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच आपल्याकडून आल्याच्या खुणा, लावल्यावर थांबलं.

पहिल्या महिन्यात मी भेटेल त्याला सांगत होतो की सगळा दोष शेअर्ड होस्टिंगचा. आता तसं म्हणत नाही. नव्या सर्व्हरवरही चेकआउटला तीन सेकंद लागत होते. सपोर्टच्या एका मुलाने न सांगता स्लो लॉग (डेटाबेसच्या संथ कामांची नोंद) उघडून पाहिला आणि दाखवलं, की काढून टाकलेल्या प्लगइनांचा कचरा ऑप्शन्सच्या टेबलात (डेटाबेसमधल्या सेटिंग्जच्या तक्त्यात) पडून आहे आणि प्रत्येक पानाबरोबर तो उचलला जातोय. वर्डप्रेस ६.६ पासून साइट हेल्थ या तपासणीच्या पानावर हा भार ८०० केबीच्या वर गेला की इशारा येतो. तिथे जाऊन बघा. तो कचरा साफ केला, रेडिस (डेटाबेसची उत्तरं मेमरीत तयार ठेवणारं) लावलं, वर्डप्रेसचं क्रॉन (ठरल्या वेळची आपोआप कामं) पानांवरून काढून सर्व्हरच्या क्रॉनवर टाकलं. चेकआउट सेकंदाच्या आत आलं. त्या मुलाचे मी मनापासून आभार मानले, कारण हे त्याच्या कामात बसत नव्हतं. दिवसाला दहा-वीस ऑर्डरी असणाऱ्याने आधी ही सफाई करावी, त्याला शेअर्ड अजूनही पुरेल.

आता मेंटेनन्स. सर्व्हर मुंबईत, गिऱ्हाईक महाराष्ट्र-गुजरातेत, आणि मेंटेनन्सचा मेल येतो तो असा : रविवारी पहाटे १ वाजता, ईस्टर्न टाइम. ती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची पहाट. आपल्याकडे तेव्हा रविवारचे सकाळचे साडेदहा, थंडीत त्यांचं घड्याळ मागे गेलं की साडेअकरा. रविवारी सकाळी माणूस घरी असतो, चहा झालेला असतो, फोन हातात असतो. आमच्या सगळ्यात जास्त ऑर्डरी त्याच वेळी येतात. पंधरा मिनिटांचंच काम असतं, मान्य आहे. पण मुंबईतल्या मशीनची दुरुस्ती मुंबईच्या रात्री का करत नाहीत? श्रावणात कानबाईच्या (खानदेशातल्या देवीच्या सणाच्या) रविवारी तोच मेल आला. त्या दिवशी घरोघर रोट (देवीचा नैवेद्य) चाललेले असतात, विक्री फारशी नसते, नुकसान किरकोळ. तरीही मी तिकीट टाकलं, म्हणजे सपोर्टकडे लेखी तक्रार केली. उत्तर आलं, जगभर एकच वेळापत्रक आहे. मी आमच्या ऑर्डरींचा तासवार तक्ता जोडून पुन्हा टाकलं. तेव्हा बॅकअपची वेळ पहाटे साडेतीन करून दिली, मेंटेनन्स तिथेच. पुढच्या मेलला पुन्हा लिहिलं आणि पुन्हा लिहीन. होस्टिंग घेताना मेंटेनन्सची वेळ आपल्या घड्याळात विचारून घ्या. विक्रीवाल्यांना हे कोणी विचारत नाही म्हणून ते सांगत नाहीत.

बाकी तक्रार नाही. दिवाळीत मसाल्याची गर्दी झाली, साइट हलली नाही. चंपाषष्ठीच्या आसपास वांग्याच्या भरिताचा हंगाम भरात आला आणि त्यासोबतच्या भाकरीसाठी कळण्याच्या पिठाला अखाजीपेक्षा जास्त मागणी आली. एकही वेबहुक चुकला नाही. त्या संध्याकाळी गेटवेची यादी आणि आमची यादी शेजारी ठेवून मी ओळ न् ओळ ताडून पाहिली, आणि वहिनींना फोन करून सांगितलं की एवढं पीठ खरंच दळायचं आहे.

अखाजीसाठी सणापुरते चार कोअर आणि ८ जीबी करणार आहे. इथे तासाप्रमाणे बिल आहे, त्यामुळे सण झाला की परत खाली येता येतं. मात्र वाढवताना फक्त रॅम आणि सीपीयूचा पर्याय निवडा. डिस्क एकदा वाढवली की कमी करता येत नाही आणि मोठ्या प्लॅनचं भाडं कायमचं गळ्यात पडतं. सपोर्टकडून हे लेखी घेतलंय. तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तर सूट देतो म्हणतात. मेंटेनन्सची वेळ बदलेपर्यंत मी महिन्याच्या महिन्यालाच भरणार.